भर शर्यतीत व्हील गायब होतं: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

रेसिंग सिम्युलेटर खेळणाऱ्यांची सगळ्यात चिवट तक्रार कुठली असं कुणी विचारलं, तर मी ग्राफिक्सचं किंवा एफपीएसचं नाव घेणार नाही. भर शर्यतीत व्हीलची, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या स्टिअरिंगची, यूएसबी जोडणी तुटणं, ही ती तक्रार. चिवट अशासाठी, की ती बोलावल्यावर येत नाही. सरावात तासन्‌तास काही होत नाही आणि शर्यत सुरू झाली की पाचव्या लॅपला व्हील मेलेलं असतं. मग माणूस पोर्ट बदलतो, ड्रायव्हर पुन्हा टाकतो, विंडोजची एखादी सेटिंग बंद करतो. दोन दिवस सगळं नीट चालतं, तो भेटेल त्याला हाच उपाय सांगत सुटतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अधूनमधून होणाऱ्या बिघाडात कुठलाही उपाय दोन दिवस लागू पडल्यासारखा वाटतोच. म्हणून इथे उपाय नंतर. आधी जोडणी कुठे तुटते ते शोधायचं: वीजपुरवठ्यात, केबलमध्ये, मदरबोर्डवर, विंडोजमध्ये, की निव्वळ खेळाच्या आत. एवढं कळलं की उरलेलं काम बहुतेक वेळा स्वस्तात होतं.

आधी नक्की काय गेलं ते बघा

'व्हील गेलं' या एका तक्रारीखाली चार वेगळे प्रकार येतात, आणि त्यांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत.

स्टिअरिंग चालतंय, गाडी वळतेय, पण हाताला काहीच जाणवत नाही, व्हील एकदम हलकं झालंय. ही जोडणी तुटलेली नाही. अजूनही बरेच सिम फोर्स फीडबॅकसाठी, म्हणजे व्हीलमधल्या मोटरने हाताला जोर जाणवून देण्यासाठी, डायरेक्टइनपुट ही विंडोजची जुनी पद्धत वापरतात, आणि त्यात फीडबॅक पाठवायचा तर त्या उपकरणावर खेळाचा एकट्याचा ताबा लागतो. दुसरी कुठली खिडकी पुढे आली, एखादी सूचना वर उमटली, ऑल्ट-टॅब झालं किंवा व्हीलच्या कंपनीचं सॉफ्टवेअर चाचणीच्या पानावर उघडं राहिलं, की तो ताबा सुटू शकतो. अशा वेळी खेळाच्या खिडकीत परत क्लिक करून किंवा पॉज करून परत आल्यावर जोर परतला, तर केबलला हात लावू नका. सूचना बंद करा, ओव्हरले (खेळावर उमटणाऱ्या इतर सॉफ्टवेअरच्या पट्ट्या) कमी करा, खेळ बॉर्डरलेस खिडकीऐवजी फुलस्क्रीन करून बघा.

जोर हळूहळू कमी होत गेला, एकदम नाही, तर मोटर तापलीय. गिअर आणि बेल्टवर चालणाऱ्या बऱ्याच व्हीलमध्ये आणि काही डायरेक्ट ड्राइव्ह बेसमध्येही (बेस म्हणजे मोटरचा डबा; डायरेक्ट ड्राइव्हमध्ये व्हील थेट मोटरच्या दांड्यावर बसतं) तापमान वाढलं की ताकद आपोआप उतरवली जाते. हे संरक्षण आहे, बिघाड नाही. गेन, म्हणजे फीडबॅकच्या जोराची सेटिंग, कमी करा, बेसभोवती हवा खेळू द्या.

व्हील वळतंय, फीडबॅकही येतोय, पण गिअर बदलत नाही, बटणं मेलीत. इथे संशय क्विक रिलीजवर, म्हणजे हातात धरायची रिम बेसला अडकवणाऱ्या जोडावर. रिम आणि बेस यांच्यामधल्या पिना मळल्या असतील, वाकल्या असतील किंवा रिम पुरती घट्ट बसली नसेल. रिम काढून पिना कोरड्या कापडाने पुसा, पुन्हा बसवा.

आणि चौथा प्रकार खरा: स्टिअरिंग, फीडबॅक, बटणं सगळं एकदम गेलं, आणि विंडोजचा उपकरण काढल्याचा उतरता आवाज आला. इथून पुढचं सगळं या चौथ्या प्रकाराबद्दल आहे. पुष्कळ जण विंडोजचे आवाज बंद करून खेळतात. निदान होईपर्यंत ते चालू ठेवा, कारण हा एक आवाज फार मोठा पुरावा आहे. आवाज न येता खेळात व्हील मेलं तर दोष बहुधा खेळाकडे, आवाज येऊन मेलं तर खेळाचा काही संबंध नाही.

पुरावा जमवा

नीरसॉफ्टचं यूएसबीलॉगव्ह्यू नावाचं एक छोटं मोफत साधन आहे. ते चालू ठेवून शर्यत खेळायची. कुठलं उपकरण किती वाजता निघालं आणि किती वाजता परत आलं, याची ते नोंद ठेवतं. लिनक्सवर हेच काम कर्नलचा लॉग करतो, टर्मिनलमध्ये डीमेसेज चालू ठेवलं की झालं.

नोंदीत तीन गोष्टी बघायच्या. एक, व्हील एकटंच गेलं की त्याच क्षणी पेडल, हँडब्रेक, बटणबॉक्सही गेले? दोन, परत यायला किती वेळ लागला? तीन, त्या क्षणी ट्रॅकवर गाडी कुठे होती? तिसरं लॉगमध्ये नसतं, म्हणून रिप्ले जपून ठेवा आणि वेळ जुळवा.

व्हील एकटं गेलं तर संशय त्याच्या केबलवर, बेसवर किंवा त्याच्या अॅडॅप्टरवर. एका हबवरची सगळी उपकरणं एकदम गेली तर हब. रिगवरचं (सीट, व्हील, पेडल बसवलेल्या सांगाड्यावरचं) सगळं, शिवाय माउस-कीबोर्डही क्षणभर अडखळले, तर मदरबोर्डचा यूएसबी कंट्रोलर (पोर्ट सांभाळणारी चिप) किंवा बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर). एवढ्या तीन वाक्यांत अर्धं निदान होतं, आणि तरीही बहुतेक लोक ही पायरी गाळून थेट नवी केबल मागवतात.

बेसचा दिवाही बघा. जोडणी तुटली तेव्हा दिवा विझून पुन्हा लागला, तर बेसची वीजच गेली होती. यूएसबी हा नुसता परिणाम. दिवा तसाच राहिला आणि विंडोजने मात्र उपकरण गमावलं, तर वीज ठीक आहे, माहितीचा रस्ता तुटला. बेस परत जोडला गेल्यावर आपोआप डावी-उजवीकडे फिरून कॅलिब्रेट झाला, एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. गिअर-बेल्टची बरीच व्हील नुसती यूएसबी परत लागली तरी तसं करतात.

कुठलं उपकरण कुणाच्या शेजारी बसलंय

डिव्हाइस मॅनेजर उघडा, वर 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'डिव्हायसेस बाय कनेक्शन' निवडा. आता उपकरणांची यादी प्रकारानुसार न दिसता जोडणीच्या झाडासारखी दिसते: कंट्रोलर, त्याखाली रूट हब, त्याखाली बाकीचे. कॅबिनेटच्या मागे दहा पोर्ट दिसतात म्हणून दहा स्वतंत्र रस्ते आहेत असं नाही. बऱ्याच बोर्डांवर ते सगळे एक-दोन कंट्रोलरवरच येऊन मिळतात.

आता तुमच्या रिगवर काय काय आहे ते मोजा. व्हील, पेडल, शिफ्टर, हँडब्रेक, बटणबॉक्स, डॅशचा डिस्प्ले, वर व्हीआर हेडसेट आणि वेबकॅम. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३.० चं ९००. व्हीलचा बेस स्वतःच्या अॅडॅप्टरवर चालतो, त्यामुळे तो यूएसबीतून फारसं काही ओढत नाही. पण पेडलचा लोडसेल (दाब मोजणारा भाग), बटणबॉक्सचे दिवे आणि डॅशचा डिस्प्ले यांना वेगळा वीजपुरवठा सहसा नसतो. हे सगळं बिनअॅडॅप्टरच्या एका हबमध्ये खुपसलं, तर सगळ्यांना मिळून त्या एका पोर्टचेच ५०० किंवा ९०० मिलिअँपिअर. मग रेव्ह लाइट (इंजिनाचा वेग दाखवणारे दिवे) पूर्ण लागले की, म्हणजे नेमकं गिअर बदलायच्या क्षणी, मागणी वर जाते. 'गिअर टाकला की जातं' अशी तक्रार ऐकली की मी आधी हब विचारतो.

मांडणी अशी करा: व्हीलचा बेस थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टमध्ये, मध्ये हब नाही, एक्स्टेन्शन नाही, कॅबिनेटच्या पुढचं पोर्ट नाही. पेडलही जमल्यास थेट. बाकी किरकोळ उपकरणं स्वतःचा अॅडॅप्टर असलेल्या हबवर. व्हीआर हेडसेट आणि वेबकॅम शक्य तर वेगळ्या कंट्रोलरवर, कारण माहितीचा खरा बोजा त्यांचाच असतो. बोर्डवर दुसरा कंट्रोलर नसेल आणि उपकरणं खूप असतील, तर मदरबोर्डच्या खाचेत बसणारं पीसीआय एक्सप्रेसचं यूएसबी कार्ड हा हबपेक्षा चांगला खर्च. 'यूएसबी कंट्रोलरकडे पुरेशी साधनं नाहीत' अशा अर्थाची सूचना विंडोजने कधी दाखवली असेल, तर ती विजेबद्दल नसते. एक कंट्रोलर सांभाळू शकतो त्या एंडपॉइंटची, म्हणजे उपकरणांशी बोलायच्या वाटांची, संख्या संपलेली असते, आणि तिथे वेगळं कार्डच कामाला येतं.

व्हील यूएसबी ३.० च्या निळ्या पोर्टमध्ये लावलं म्हणजे वेगवान होईल, हा समज सोडून द्या. बहुतेक व्हील फुल-स्पीड, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिटची उपकरणं असतात, आणि स्टिअरिंगचा कोन सांगायला तेवढं पुरून उरतं. उलट यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेस उपकरणांना त्रास देतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मोजून मांडलंय. तुमचा वायरलेस हेडफोन किंवा बिनतारी रिमचा डाँगल अशा पोर्टला चिकटून बसला असेल, तर तो छोट्या केबलने दूर आणा.

केबल, जोर आणि सेब्रिंगची कसोटी

यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंतच ग्राह्य धरलीय. रिग दूर आणि कॅबिनेट टेबलाखाली असलं की लोक तीन मीटरच्या केबलला तीन मीटरचं एक्स्टेन्शन लावतात आणि मर्यादा ओलांडतात. लांब जायचंच असेल तर साधं एक्स्टेन्शन नको, अॅक्टिव्ह केबल घ्या किंवा वाटेत स्वतंत्र अॅडॅप्टरचा हब ठेवा.

लांबीपेक्षा वाईट म्हणजे ताण. बेसच्या मागचा कनेक्टर केबलच्या वजनाने लोंबकळत असतो. ब्रेकचं पेडल जोरात दाबलं की अख्खी रिग किंचित वाकते, आणि तेवढ्याने पिन हलते. केबल बेसपासून थोड्या अंतरावर रिगला बांधा आणि कनेक्टरपाशी थोडी सैल वळी ठेवा.

आता प्रश्न येतो: धक्क्याने जातंय की विजेच्या झटक्याने? दोन्हींची वेळ एकच असते, कारण ट्रॅकवर जिथे रिग जास्त हादरते तिथेच मोटरही जास्त करंट ओढते. हे वेगळं काढायला एक चाचणी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ती सगळ्यात उपयोगी चाचणी.

फ्लोरिडातलं सेब्रिंग निवडा. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळावर उभा राहिलेला हा ट्रॅक. जुन्या धावपट्टीचं काँक्रीट अजून त्यात आहे, आणि शेवटचं सनसेट बेंड हे वळण तर हाडं खिळखिळी करतं. तुमच्या सिममध्ये सेब्रिंग नसेल तर नूरबर्गरिंगचं नॉर्डश्लाइफ घ्या, २०.८३२ किलोमीटरच्या त्या लॅपमध्ये कारुसेलचं काँक्रीटचं, आतल्या बाजूला कललेलं वळण आहेच. गाडी नेहमीची. आधी नेहमीच्या गेनवर जोडणी तुटेपर्यंत चालवा. मग तोच ट्रॅक, तीच गाडी, पण फोर्स फीडबॅकचा गेन २० टक्क्यांवर आणून त्याच्या निदान तिप्पट वेळ चालवा.

कमी गेनवर तुटणं थांबलं, तर दोष करंटशी जोडलेला आहे: अॅडॅप्टर दमतोय, एक्स्टेन्शन बोर्डवर फार गर्दी आहे, किंवा मोटरच्या तारेतला विजेचा गोंगाट शेजारच्या यूएसबी केबलमध्ये शिरतोय. कमी गेनवरही तसंच तुटलं, तर वीज निर्दोष. कनेक्टर, केबल किंवा विंडोज. तिसरी चाचणी फुकटची: गाडी पिटमध्ये उभी करून, कुणाला तरी कनेक्टरजवळची केबल हलकेच हलवायला सांगा. आवाज आला की पकडला चोर.

करंटचा दोष निघाला तर बेसचा अॅडॅप्टर एक्स्टेन्शन बोर्डवरून काढून भिंतीतल्या सॉकेटला थेट लावा. यूएसबी केबल आणि मोटरच्या विजेची तार एकत्र गुंडाळून नीटनेटकी बांधलेली असते, ती सोडवा. त्या दोन्ही वेगळ्या बाजूंनी न्या, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. यूएसबी केबलवर विजेचा गोंगाट अडवणारा फेराइटचा गोळा चढवायला फार खर्च येत नाही. अॅडॅप्टर उघडून बघू नका. त्याच्या आत बंद केल्यावरही वीज साठलेली असते.

गेन कमी केल्यावर बऱ्याच जणांना आणखी एक गोष्ट लक्षात येते: आपण इतके दिवस क्लिपिंगमध्येच चालवत होतो. खेळ मागतो ती ताकद बेसच्या कमाल मर्यादेबाहेर गेली की वरचा सगळा तपशील सपाट होतो, कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) आणि टायर घसरणं हाताला सारखंच लागतं. खेळातला क्लिपिंगचा पट्टा फक्त मोठ्या कर्बवर लाल व्हायला हवा. लांब वेगवान वळणात तो लालच राहत असेल तर गेन जास्त आहे. योग्य गेन ठेवला की मोटरवरचा भार उतरतो आणि लॅप टाइमही बहुधा सुधारतो. ज्यांची तक्रार इथेच मिटते, त्यांना तुटक्या जोडणीने उपकारच केले म्हणायचे.

अंगावरची स्थिर वीज

याची दखल फार कमी जण घेतात. कोरडी हवा, कापडी सीट, पायात मोजे. सीटवर सरकलात की अंगात चार्ज जमतो, तो रिगच्या धातूतून किंवा पेडलमधून यूएसबीच्या शील्डकडे (केबलच्या धातूच्या आवरणाकडे) उडी मारतो आणि कंट्रोलर गडबडतो. ओळखायची खूण: बसताना-उठताना, किंवा व्हीलला पहिल्यांदा हात लावताना जोडणी तुटते, आणि दमट दिवसांत तक्रार आपोआप कमी होते.

उपाय म्हणजे रिगचं धातू आणि कॅबिनेटचं धातू एका तारेने जोडणं. इथे एक मेख आहे. अॅल्युमिनिअम प्रोफाइलवर अॅनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहू देत नाही. तार नुसती वरून घट्ट बांधली तर काहीच होत नाही. स्क्रूच्या आट्यांशी किंवा खरवडून उघड्या केलेल्या धातूशी जोडा, दुसरं टोक कॅबिनेटच्या बिनरंगाच्या स्क्रूला. बेस आणि पेडलची प्लेटही रिगशी खरोखर जोडली गेलीय का, हे मल्टीमीटरने तपासता येतं. कॉम्प्युटरचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच हवा, नाहीतर ही सगळी खटपट वाया. सॉकेटच्या अर्थिंगमध्ये स्वतः तार खुपसण्याचा उद्योग मात्र करू नका.

विंडोजची बाजू

यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, हा उपाय जो तो सांगतो. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये तो मिळतो. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची जी परवानगी असते, तिची खूण काढायची. करा, तोटा काही नाही. पण सस्पेंड हे उपकरण निवांत पडलं असताना होतं. वळणाच्या ऐन मध्यावर, व्हील सतत बोलत असताना ते झोपी जात नाही. हँडब्रेक किंवा बटणबॉक्स मेनूत बराच वेळ बसून राहिल्यावर, रिप्ले बघताना किंवा स्टार्टची वाट पाहताना जात असेल, तर हा उपाय अगदी बरोबर. कर्बवर जात असेल तर याच्याकडून आशा ठेवू नका.

फास्ट स्टार्टअप हे दुसरं दुखणं. ते चालू असलं की शटडाउन पुरतं होत नाही, ड्रायव्हरची अवस्था जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. कॉम्प्युटर सुरू केल्यावर व्हील दिसतच नाही, केबल काढून लावली की दिसतं, 'रीस्टार्ट' केलं तरी दिसतं, अशी लक्षणं असतील तर फास्ट स्टार्टअप बंद करा.

दिवे रंगवणारी आणि तापमान मोजणारी सॉफ्टवेअरं दोन-तीन एकदम चालू असतील तर ती तात्पुरती बंद करून बघा. त्यांतली काही हार्डवेअरला सतत प्रश्न विचारत असतात.

बायोस

सगळी उपकरणं एकदम गेली, असं नोंदीत दिसत असेल तर बायोस अद्ययावत करा. ही हवेतली सूचना नाही. एएमडीने २०२१ च्या फेब्रुवारीत ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी जोडणी अधूनमधून तुटते हे मान्य केलं, आणि उपाय एजेसा या आपल्या बायोसच्या मूळ संचाच्या १.२.०.२ आवृत्तीत दिला, जो बोर्डच्या बायोस अपडेटमधून येतो. त्या काळातला बोर्ड आहे आणि बायोस कधीच बदललेला नाही, असं अजूनही आढळतं. अपडेट करणं लगेच शक्य नसेल, तर तात्पुरतं बायोसमधून पीसीआय एक्सप्रेस चौथ्या पिढीवरून तिसऱ्या पिढीवर आणून बघा. ग्राफिक्समध्ये फरक जेमतेम जाणवेल, पण तुटणं थांबलं तर निदान पक्कं.

व्हीलचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करताना बेस थेट बोर्डच्या पोर्टमध्येच लावा. जी जोडणी अधूनमधून तुटते, तिच्यावरून फर्मवेअर चढवणं म्हणजे बेस कायमचा घालवण्याची तयारी.

पोर्ट बदललं आणि सगळ्या सेटिंग गेल्या

पोर्ट बदलून बघण्याच्या भानगडीत हा नवा ताप सुरू होतो. ज्या उपकरणाला स्वतःचा सिरिअल नंबर नसतो, त्याला विंडोज पोर्टवरून ओळखते. पोर्ट बदललं की ते तिच्या लेखी नवं उपकरण. खेळाने जुनं नाव धरून ठेवलेलं असतं, म्हणून बटणं-पेडल सगळं पुन्हा बांधावं लागतं. आधी प्रत घेऊन ठेवा: आयरेसिंग या सिममध्ये डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमधली 'कंट्रोल्स डॉट सीएफजी' आणि 'जॉयकॅलिब डॉट यॅमल', असेटो कॉर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये त्याच्या कॉन्फिग फोल्डरमधली 'कंट्रोल्स डॉट जेसन'. मग पोर्टांना लेबलं लावा आणि निदान संपल्यावर प्रत्येक उपकरण त्याच्याच पोर्टमध्ये परत ठेवा.

व्हील विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या यादीत दिसतंय, तिथे फिरवल्यावर हलतंय, पण खेळाला दिसत नाही, अशी वेळ आली तर स्टीम या खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या खेळापुरतं स्टीम इनपुट (कंट्रोलर जुळवण्याची सोय) बंद करा. तरी नाही दिसलं तर व्हील जोडून मगच खेळ सुरू करा. खेळ चालू असताना परत आलेलं उपकरण काही सिम उचलतात, काही उचलत नाहीत.

तुटलंच तर ट्रॅकवर काय करायचं

निदान एका दिवसात होत नाही आणि दरम्यान शर्यती तर असतातच. पेडल बेसमध्ये न लावता स्वतंत्र यूएसबीने जोडता येत असतील तर तसंच करा. बेसमधून जोडलेली पेडल बेसबरोबरच जातात आणि हातात काही म्हणजे काही उरत नाही. स्वतंत्र असतील तर ब्रेक शाबूत राहतो.

ब्रेक असेल तर पूर्ण दाबा आणि दाबून ठेवा. चाकं लॉक झालेली गाडी जिकडे निघालीय तिकडेच जात राहते, आणि मागून येणाऱ्यांना तिला चुकवता येतं. गाडी फिरली की ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबून धरा, ही खऱ्या ट्रॅकवरचीही शिकवण. ब्रेकही नसेल तर गाडीतून बाहेर पडण्याचं बटण कीबोर्डवर कुठे आहे ते आधीच पाठ असू द्या. पाचशे किलोची नाही तर हजार किलोची गाडी दुसऱ्याच्या दारात घालण्यापेक्षा पिटमध्ये ओढून नेलेली बरी. आयरेसिंगमध्ये ट्रॅकबाहेर गेलं की १, ताबा सुटला की २ आणि दुसऱ्या गाडीवर जोरात आदळलं की ४ अशी इन्सिडेंटची, म्हणजे चुकांच्या गुणांची, मोजणी असते. कारण काय होतं हे यंत्रणा विचारत नाही.

जोडणी तुटली की लगेच हात व्हीलवरून काढा, विशेषतः डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर. परत जोडणी झाली आणि बेसला अचानक पूर्ण जोर मिळाला तर आऱ्यांमध्ये अडकलेला अंगठा दुखावतो. आणीबाणीचं बटण असेल तर ते हात पोचेल अशा जागी हवं, बेसच्या मागे नाही.

आणि एकाच आठवड्यात दोनदा तुटलं असेल तर निदान होईपर्यंत लीगच्या शर्यतीत उतरू नका. तुमच्यामागच्या पंधरा जणांची संध्याकाळही त्यात असते.

सुटलं हे कधी म्हणायचं

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुरेशी वाट. पुरेशी म्हणजे किती, याला हिशेब आहे. समजा सरासरी तीन तासांतून एकदा तुटतं, आणि तुटणं निव्वळ यदृच्छेने होतं. मग काहीही दुरुस्त न करता तीन तास सलग नीट जाण्याची शक्यता तब्बल ३७ टक्के आहे. म्हणजे एक चांगली संध्याकाळ हा पुरावाच नव्हे. नऊ तास नीट गेले तर ती शक्यता ५ टक्क्यांवर येते. म्हणून नेहमीच्या अंतराच्या तिप्पट वेळ खेळा आणि मगच पुढचं बोला. मग धीर असेल तर बदल उलटा फिरवून बघा. दोष परत आला तर कारण सापडलं. परत नाही आला तर कारण दुसरंच होतं, आणि त्याने सध्या फक्त दडी मारलीय.

हे सगळं करूनही व्हील एकटंच जात असेल, तर ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच्याच केबलने आणि त्याच्याच अॅडॅप्टरने चालवून बघा. तिथेही गेलं तर केबल बदला. तरीही गेलं तर बेस किंवा अॅडॅप्टर, आणि तो दुरुस्तीचा किंवा वॉरंटीचा विषय. तक्रार लिहिताना 'व्हील बंद पडतं' एवढंच लिहू नका. यूएसबीलॉगव्ह्यूची नोंद, दिवा विझला की नाही, २० टक्के गेनवर काय झालं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर काय झालं आणि फर्मवेअरची आवृत्ती, ही पाच उत्तरं पहिल्याच पत्रात द्या. ड्रायव्हर पुन्हा टाकून बघा, हे ठरीव उत्तर मग त्यांना देता येत नाही.